पॅडवर काठी पडली, आवाज कुठं गेला?

भाच्यानं जुनं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेतलं, लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचे चांगले आवाज त्यावर वाजवायचे म्हणून ते लॅपटॉपला जोडलं आणि तीन दिवस मला फोनवर फोन. शेवटी रविवारी सकाळी सानेगुरुजी वसाहतीत त्यांच्या फ्लॅटवर गेलो. अर्धी बेडरूम त्या सांगाड्यानं अडवलेली. कपाटाचं दार आता उघडायचं कसं, या विवंचनेत बहीण उंबऱ्यात उभी. हा आपला हेडफोन घालून ठोकतोय.

"मामा, व्हिडिओत दाखवलं तस्संच जोडलंय. लॅपटॉपवरचे ड्रम हलत्यात, बघा की. पण आवाज त्योच जुना, डब्यावर मारल्यासारखा."

"हेडफोनची पिन कुठं लावलीस?"

"हितं. ब्रेनला."

तिथंच घोळ होता, पिन किटच्या स्वतःच्या डब्याला होती. लॅपटॉप बिचारा मनापासून वाजत होता आणि हा ऐकत होता भलत्याचंच. पिन काढून लॅपटॉपला लावली, स्नेअरच्या, म्हणजे समोरच्या चपट्या ड्रमच्या, पॅडवर एक काठी टाकली. गडी खूश. दहा सेकंदांनी चेहरा पडला. "मामा, आवाज मागनं येतोय."

ड्रम लॅपटॉपला जोडणारा जवळपास प्रत्येक जण या दोन वाक्यांवरून जातो. आधी 'आवाज येईना', मग 'उशिरा येतोय'. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे आठ पॅडांचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, वाजवतोय आणि माझंही पहिल्या वेळी हेच झालं होतं. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, जी वापरायच्या पुस्तिकेत कुणी सरळ सांगत नाही: पॅड आवाज काढत नाही, पॅड फक्त निरोप देतो.

हलगीचं बघा. काठी पडली की पान थरथरतं, हवा हलते आणि तुमच्या कानात शिरते. मध्ये कुणी दलाल नाही. इलेक्ट्रॉनिक पॅडच्या जाळीखाली किंवा रबराखाली मात्र एक चपटी चकती बसवलेली असते, साधारण रुपयाच्या नाण्यासारखी. तिला पिझो म्हणतात. तिच्यावर दाब आला की ती विजेचा बारीकसा झटका देते. स्वयंपाकघरातला टिचकीचा गॅस लायटर याच तत्त्वावर चालतो: आत स्फटिकावर हातोडी बसते आणि ठिणगी पडते. १८८० साली पिएर आणि जाक क्युरी या दोघा भावांनी हा गुण दाखवून दिला. म्हणजे भाच्याच्या किटमध्ये दहा-बारा गॅस लायटर आहेत म्हणा ना, फक्त ठिणगीच्या जागी निरोप निघतो.

हा झटका वायरीतून ब्रेनकडे जातो. ब्रेन म्हणजे डाव्या हाताला अडकवलेला तो बटणांचा डबा. कुणी त्याला मॉड्यूल म्हणतं. झटका किती मोठा आहे ते तो मोजतो आणि त्याचा आकडा करतो. इथून पुढं काठी संपली, पॅड संपलं. पुढं जातात ते नुसते आकडे.

तीन आकड्यांचा निरोप

या आकड्यांच्या भाषेचं नाव मिडी. १९८३ साली ती बाजारात आली. त्याआधी एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायला तयार नसायचा. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेतला, बाकीच्या कंपन्यांनाही सोबत घेतलं आणि सगळ्यांसाठी एकच बोली ठरवली. त्या कामासाठी दोघांना २०१३ साली तांत्रिक कामगिरीचं ग्रॅमी मिळालं. याच रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५चा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांचं अर्धं आयुष्य त्याच्या नातवंडा-पतवंडांवर चाललंय.

भाच्यानं स्नेअरवर जरा जोरात काठी मारली तेव्हा ब्रेनमधून लॅपटॉपकडे काय गेलं? हे गेलं: १५३, ३८, ९६. बस, एवढंच.

१५३ म्हणजे 'दहाव्या चॅनेलवर एक सूर सुरू झालाय'. मिडीत सोळा चॅनेल असतात आणि ड्रमसाठी दहावा वापरायचा, अशी रीत पडलीय. ३८ म्हणजे स्नेअर. ९६ म्हणजे किती जोरात. हा आकडा १ ते १२७ मधला. हा स्नेअर पितळी आहे की लाकडी, खोली मोठी आहे की लहान, काठी कसली आहे, यातलं काही म्हणजे काही त्या निरोपात नाही. ते सगळं लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरनं ठरवायचं.

मिडीची जुनी पाच पिनांची वायर सेकंदाला ३१,२५० बिट नेते. तीन आकड्यांचे मिळून ३० बिट होतात, म्हणजे एक निरोप पोचायला साधारण एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. त्यामुळं आवाज मागनं यायला लागला की वायरीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

तर रस्ते दोन आहेत. निरोप जायचा रस्ता: पॅड, ब्रेन, यूएसबी, लॅपटॉप. आणि आवाज यायचा रस्ता: सॉफ्टवेअर, साउंड कार्ड, हेडफोन. काहीही बिघडलं की आधी हे बघायचं, पॅडवर मारल्यावर स्क्रीनवरचा ड्रम हलतोय का? हलत असेल तर निरोप पोचलाय, त्या वायरींना हात लावू नका. दोष आवाजाच्या रस्त्यात शोधा. हलत नसेल तर हेडफोनची पिन काढघाल करून काही होणार नाही. आधी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन मिडी इनपुटच्या यादीत तुमच्या ब्रेनच्या नावापुढं खूण आहे का बघा, बहुतेक वेळा ती नसते. ब्रेनला यूएसबी असेल तर प्रिंटरला लावतो ती चौकोनी तोंडाची वायर बऱ्याच ब्रेनना चालते. जुन्या ब्रेनला नुसती पाच पिनांची भोकं असतील तर मिडी टू यूएसबी वायर लागते. तिच्या दोन टोकांवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं असतं आणि ते नक्की कुणाच्या बाजूनं लिहिलंय यावर एकमत नाही. चालेना तर अदलाबदल करून बघायची.

आवाजाच्या रस्त्याला एक फाटा आहे. हेडफोन लॅपटॉपला लावला तर ब्रेनचा आवाज येणार नाही, लॅपटॉपचाच येईल. हे बरं. पण काहींना ब्रेनलाच हेडफोन ठेवायचा असतो, कारण आवाज कमी-जास्त करायची बटणं हाताशी येतात. मग लॅपटॉपचा आवाज वायरीनं ब्रेनच्या 'मिक्स इन' किंवा 'ऑक्स इन'मध्ये आणायचा आणि ब्रेनचे स्वतःचे आवाज बंद करायचे. ब्रेनमध्ये 'लोकल ऑफ' नावाची सोय असली तर तिनं, नाहीतर ब्रेनच्या किटचा व्हॉल्यूम शून्यावर आणून. हे राहिलं तर एका काठीला दोन आवाज येतात, आधी ब्रेनचा आणि मागून लॅपटॉपचा, आणि माणसाला वाटतं आपला हातच कापतोय.

वडाप

आता उशिराचं. लॅपटॉप आवाज सलग सोडत नाही. एका सेकंदाच्या आवाजाचे तो ४४,१०० बारीक तुकडे करतो आणि ठरावीक तुकडे जमले की ती खेप एकदम साउंड कार्डाकडे पाठवतो. या खेपेला बफर म्हणतात. कोल्हापूरकराला हे समजावायला मला फार वेळ लागत नाही, कारण बफर म्हणजे वडाप, आमच्याकडची सीटवर चालणारी खासगी प्रवासी गाडी. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही.

मोठी गाडी लावली, समजा ५१२ सीटांची, तर ती भरायला ११.६ मिलिसेकंद लागतात. २५६ची लावली तर ५.८. १२८ची तर २.९. ६४ची तर दीडच्याही आत. मग सरळ सगळ्यात छोटी गाडी का लावू नये? कारण गाडी जितकी छोटी तितक्या फेऱ्या जास्त, आणि ड्रायव्हर म्हणजे तुमचा प्रोसेसर दमतो. दमला की एखादी फेरी चुकते आणि कानात चट्-चट्, फर्र असा आवाज येतो. स्पीकर फाटला असं वाटतं. फाटलेला नसतो, वडाप चुकलेलं असतं. म्हणून गाडी हळूहळू लहान करत जायचं, चट्-चट् सुरू झालं की एक पायरी मागं. भाच्याच्या लॅपटॉपवर १२८ला काम जमलं.

हा फक्त बफरचा हिशोब. झटका ओळखायला ब्रेन थोडा वेळ घेतो, साउंड कार्डही घेतं, म्हणून एकूण उशीर यापेक्षा जास्तच भरतो. किती चालतो? आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जेमतेम तीन मिलिसेकंद. स्टेजवर मॉनिटर स्पीकर तीन मीटरवर ठेवला तरी नऊ मिलिसेकंद गेलेच की, आणि तिथं कुणी कुरकुर करत नाही. दहाच्या आसपास असेल तर हात तक्रार करत नाही. विसाच्या पुढं गेलं की माणूस नकळत ठेका ओढायला लागतो.

ब्लूटूथ हेडफोनचा विषयच नको. त्यात सहज शंभर-दीडशे मिलिसेकंद जातात. खासबागच्या कुस्ती मैदानात गर्दीत मागं उभं राहून पन्नास मीटरवरच्या हलगीवाल्याकडे बघितलंय कधी? काठी खाली आलेली दिसते आणि कडाका नंतर पोचतो. ते अंतर साधारण एवढंच. बघायला मजा येते, पण स्वतःच्या हातातली काठी पन्नास मीटर लांब वाजायला लागली तर वाजवणार काय? वायरीचा हेडफोन घ्या, साधा चालेल.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक. विंडोजचा नेहमीचा ऑडिओ ड्रायव्हर गाणी ऐकण्यासाठी आहे, त्याला घाई नसते. ड्रमसाठी 'एसिओ' जातीचा ड्रायव्हर लागतो. तो मधले नाके टाळून सरळ साउंड कार्डाशी बोलतो. बाहेरचं ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीला लावायचं वेगळं साउंड कार्ड, घेतलं तर त्याच्यासोबत तो बहुतेक वेळा मिळतो. नसेल घेतलं तर 'एसिओफोरऑल' हा फुकट ड्रायव्हर टाकायचा, लॅपटॉपच्या आतल्या कार्डावरही काम भागतं. फक्त तो बऱ्याचदा कार्ड एकट्याच्या ताब्यात घेतो, त्यामुळं शेजारच्या खिडकीतलं यूट्यूबवरचं गाणं मुकं होतं. 'गाण्यावर वाजवायला गेलो आणि गाणंच गेलं' याचं कारण हे. गाण्याची फाइल सॉफ्टवेअरमध्येच ओढून घ्या. मॅकवाल्यांना यातलं काही करावं लागत नाही, त्यांचं कोअर ऑडिओ घरातूनच व्यवस्थित आहे. हे मी थोड्या असूयेनं लिहितोय.

३६ म्हणजे किक, पण कुणाच्या यादीत?

निरोप पोचला, वेळेत पोचला, तरी घोळ होऊ शकतो. भाच्यानं राइडच्या झांजेवर मारलं की काउबेलची घंटा वाजायची. फ्लोअर टॉम या जमिनीलगतच्या ड्रमवर मारलं तर काहीच नाही.

१९९१ साली जनरल मिडी नावाची एक यादी ठरली. तिच्यात ३६ किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट (पेडलनं मिटणारी झांजांची जोडी), ४६ उघडा हाय-हॅट, ४४ नुसत्या पायानं मिटलेला हाय-हॅट, ४९ क्रॅशची झांज, ५१ राइड. इथवर बहुतेक जण पाळतात. पुढं जो तो आपल्या घरचा कारभारी. स्नेअरच्या कडेचा वेगळा आवाज, राइडच्या मधल्या टेंगळाचा, हाय-हॅटच्या काठाचा, यांना कुठला आकडा द्यायचा ते प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलंय. पत्त्यावर घर नंबर बरोबर पण गल्ली दुसरी, तसं होतं.

दुरुस्ती सोपी आहे. सॉफ्टवेअरमध्ये मॅपिंग किंवा 'ई-ड्रम' नावाची यादी असते. तिच्यात तुमच्या ब्रेनचं नाव सापडलं तर निवडायचं, ऐंशी टक्के काम तिथंच होतं. नाही सापडलं तर 'लर्न'. स्क्रीनवर राइड निवडा, लर्न दाबा, खऱ्या राइडवर एक काठी मारा. सॉफ्टवेअर तो आकडा लक्षात ठेवतं. असं एकेक पॅड. मग कुठल्यातरी नावानं सेव्ह करा. भाच्यानं तासभर बसून सगळं मॅपिंग केलं, सेव्ह केलं नाही आणि लॅपटॉप बंद केला. त्यानंतर घरात दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही.

सुरांच्या नावांवर जाऊ नका, आकड्यांवर चाला. ३६ ला काही कंपन्या सी-१ म्हणतात, काही सी-२. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तुम्ही मधल्यामध्ये सप्तक शोधत बसता.

हाय-हॅट

खरी कसोटी इथं आहे. किक आणि स्नेअर दहा मिनिटांत लागतात; हाय-हॅटला माझी एक अख्खी दुपार गेलीय.

कारण बाकीचे पॅड एकदाच बोलतात, हाय-हॅट सतत बोलत असतो. पाय पेडलवर किती दाबलाय याचा आकडा ब्रेन सारखा पाठवत राहतो. बऱ्याच ब्रेनमध्ये हा चार नंबरच्या कंट्रोलरवरून जातो, ० ते १२७. पाय पूर्ण दाबला, अर्धा उचलला, सोडून दिला, सगळं त्यात येतं. काठीचा निरोप वेगळा आणि पायाचा वेगळा, आणि दोन्ही जुळवून सॉफ्टवेअर ठरवतं की 'टिक्' वाजवायचं, 'त्स्स' वाजवायचं की 'छ्श्श'.

घोटाळे दोन होतात. पाय दाबला की काही ब्रेनमध्ये आकडा वाढतो आणि काही सॉफ्टवेअरची अपेक्षा उलटी असते. मग दाबल्यावर हाय-हॅट उघडतो आणि सोडल्यावर मिटतो. सेटिंगमध्ये 'रिव्हर्स' किंवा 'इन्व्हर्ट' असतं, तिथं खूण केली की झालं. दुसरा घोटाळा चिवट आहे. पाय पूर्ण दाबूनही आकडा १२७ पर्यंत पोचत नाही, ११५ वर थांबतो. सॉफ्टवेअर समजतं अजून थोडा उघडा आहे, आणि तुमचा बंद हाय-हॅट कायम सर्दी झाल्यासारखा वाजतो. भाच्याचं हेच होतं. आधी ब्रेनमध्येच पेडल नव्यानं जुळवून घ्यायचं, मग सॉफ्टवेअरला सांगायचं की ११०च्या वर काहीही आलं तरी ते पूर्ण बंद समज.

क्रॅश हातानं धरून गप्प करण्याचा निरोपही असाच वेगळा जातो, पण स्वस्त किटमधल्या सगळ्या पॅडांना ती सोय नसते. नसेल तर सोडून द्या.

हलक्या हाताचा हिशोब

आता तो तिसरा आकडा. सॉफ्टवेअरचे पैसे आपण मुळात याच आकड्यासाठी मोजतो.

चांगल्या ड्रम सॉफ्टवेअरमध्ये एका स्नेअरचं एकच ध्वनिमुद्रण नसतं. खऱ्या स्टुडिओत खऱ्या ड्रमरनं तोच स्नेअर अगदी हलक्यापासून पूर्ण ताकदीपर्यंत अनेक पायऱ्यांवर वाजवलेला असतो, आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा पुन्हा. पुन्हा पुन्हा का? माणूस एकसारखा ठोका दोनदा मारूच शकत नाही. तेच एक ध्वनिमुद्रण सोळा वेळा ओळीनं वाजलं की रोल न वाटता शिवणयंत्र वाटतं. म्हणून सॉफ्टवेअर त्याच ताकदीची वेगवेगळी मुद्रणं आळीपाळीनं वाजवतं. वर प्रत्येक ठोका अनेक माइकमधून घेतलेला. त्यामुळं हे सगळं फुगत जातं. सुपीरियर ड्रमर ३ या स्वीडिश सॉफ्टवेअरचा पूर्ण ऐवज २०० जीबीच्या वर आहे. ते एसएसडीवर ठेवा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर किट उघडेपर्यंत चहा होतो.

पण हे सगळं वैभव तुमच्या ब्रेननं आकडे नीट पाठवले तरच. मी भाच्याला सॉफ्टवेअरमधला आकडे दाखवणारा कोपरा उघडून दिला आणि म्हटलं, आता आवाज बंद कर आणि नुसतं आकड्यांकडे बघून वाजव. त्यानं जोरात मारलं, १२७. मध्यम मारलं, १२४. हळू मारलं, ११८. बोटानं टकटक केलं तर ९०. म्हणजे दोनशे जीबीचं दुकान उघडून हा फक्त वरच्या फळीवरचा माल घेत होता.

ब्रेनमध्ये सेन्सिटिव्हिटी कमी केली. मग 'व्हेलॉसिटी कर्व्ह' नावाची रेष असते, हाताची ताकद कुठल्या आकड्याला जोडायची ते सांगणारी. ती हलक्या बाजूला जरा लवचिक केली. मग बोटाला १२, हळू काठीला ३५, मध्यमला ७५ आणि अंगात आल्यासारखं मारलं तरच १२७. तेव्हा कुठं ते सॉफ्टवेअर श्वास घ्यायला लागलं. किट जोडून झाल्यावर ही दहा मिनिटं कुणी देत नाही, आणि मग म्हणतात इलेक्ट्रॉनिक ड्रम बेजान वाजतात.

इथंच आणखी दोन व्याधी भेटतात. किक दाबली की शेजारचा टॉम हळूच बोलतो. सांगाडा एकच, हादरा पाइपातून तिकडच्या पिझोला पोचतो. त्याला 'क्रॉसटॉक' म्हणतात, त्याच नावाचं सेटिंग ब्रेनमध्ये असतं, एकेक पायरी वाढवत जायचं. आणि एका काठीला दोन ठोके येत असतील तर 'रिट्रिगर' किंवा 'मास्क टाइम' वाढवायचा. दोन्ही फार वाढवलं तर खरे हलके ठोकेही गिळले जातात, म्हणून दुखणं थांबलं की हात आवरायचा.

सॉफ्टवेअर कुठलं? सुरुवातीला पैसे घालू नका. एमटी पॉवर ड्रम किट फुकट आहे, हलकं आहे, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आरामात चालतं. स्टीव्हन स्लेट ड्रम्सचीही एक फुकट आवृत्ती मिळते. रेकॉर्डिंग करायचं असेल तर ही सॉफ्टवेअर रीपरसारख्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या आत बसवायची. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं. हात बसला, हौस टिकली, की मग इझीड्रमर किंवा अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स.

वीज आणि शेजारी हे दोन विषय कुठल्या पुस्तिकेत मिळत नाहीत. अ‍ॅडॉप्टर बदलताना नुसते व्होल्ट बघू नका, पिनेच्या मध्यभागी धन आहे की ऋण तेही बघा. कंपन्यांचं यावर एकमत नाही. एका जत्रेत घाईघाईत कुणाचा तरी अ‍ॅडॉप्टर लावून मी माझा ऑक्टोपॅड कायमचा गप्प केलाय, त्या रात्री ढोलकीवर कार्यक्रम काढला. आणि हेडफोनमध्ये घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला तर तो अर्थिंगच्या फेऱ्याचा दोष. बॅटरीवर वाजवा किंवा वायरीत डीआय बॉक्स, म्हणजे हा फेरा तोडणारी डबी, घाला. चार्जरची तिसरी पिन मोडून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, ती पिन जीव वाचवायला असते.

जाळीचे पॅड शांत असतात, पण किकचं पेडल नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना ड्रम ऐकू येत नव्हता, त्यांना स्लॅबमधून नुसता धप्प-धप्प पोचत होता. त्या वर आल्या त्या "वर कोण उखळात कांडतंय का?" विचारतच. उपाय स्वस्त आहे: प्लायवूडचे दोन तुकडे आणि मध्ये चाळीसेक टेनिसचे चेंडू, खालच्या तुकड्याला भोकं पाडून त्यात बसवलेले. त्यावर पेडल आणि स्टूल. राजारामपुरीतून चेंडू आणले, आता काकू फक्त जिन्यात भेटल्यावर बोलतात.

"मामा, यात हलगीच नाही"

सगळं लागल्यावर भाच्यानं सॉफ्टवेअरमधली सगळी किटं चाळली. जॅझचं, मेटलचं, लॅटिन, सगळं जग. मग म्हणाला, यात हलगीच नाही.

नाही, पण घालता येते. निरोप म्हणजे नुसता आकडा हे एकदा पटलं की त्या आकड्यामागं काहीही उभं करता येतं. रीपरमध्ये रीसॅम्प्लोमॅटिक नावाचं एक साधं खोकं येतं. त्यात एक ध्वनिमुद्रण टाकायचं आणि सांगायचं की अमुक आकडा आला आणि ताकद इतक्यापासून इतक्यापर्यंत असली तर हेच वाजव. पाच ताकदींची पाच खोकी केली की एका ठोक्याचं काम झालं.

गल्लीतल्या आबांकडं खानदानी हलगी आहे, चामड्याच्या पानाची. हल्ली फायबरच्या पानाच्या मिळतात, त्यांना पावसाळ्याची भीती नसते, पण आबा त्यांना हलगी म्हणत नाहीत. पावसाची झड होती, पान ढिलं पडलेलं. आबांनी आधी रद्दी पेटवून हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून कानाशी धरली, परत शेकली. मग दार-खिडक्या बंद करून मध्यावरचे, काठावरचे, जाड काठीचे, बारीक काठीचे, हळू आणि जोरात, असे साठ-सत्तर ठोके घेतले.

इथं एक बारीक गोष्ट. प्रत्येक तुकडा कापताना ठोक्याच्या अगदी तोंडाशी कापायचा. सुरुवातीला वीस मिलिसेकंदांची शांतता राहिली तर तेवढा उशीर प्रत्येक ठोक्याला लागतो, आणि मग तुम्ही बफरला दोष देत बसता. भाच्याचे पहिले दहा तुकडे असेच आळशी निघाले. लाट मोठी करून बघितली, डोळ्यांना दिसला तो रिकामा पट्टा, उडवला.

संध्याकाळी आबांना बोलावून हेडफोन घातला आणि स्नेअरच्या पॅडवर काठी मारायला सांगितलं. त्यांनी काठी घेतली नाही. दोन बोटांनी पॅडवर टिचकी मारली, स्क्रीनवर ९ उमटला, कानात त्यांचीच हलगी हळूच बोलली. मग काठावर. मग दोन्ही हातांनी, नेहमीचा कुस्तीचा ठेका. थांबले, पॅड उलटं करून खालून निरखलं, जाळीवरून तळहात फिरवला.

"ह्याला शेकायला लागत न्हाई व्हय?"

"नाही आबा."

"आन् पावसात?"

"पावसातही नाही."

त्यांनी हेडफोन काढून भाच्याच्या हातात दिला. "मग घाटावरच्या मिरवणुकीत ह्याची वायर कोन धरनार?"